गमतीदार अद्भुतकथांची पार्श्वभूमी: डॉन क्विक्झोट, चिंची चेटकीण आणि रामशेज

राजे, किल्ले, जादूगार, राक्षस आणि भरपूर हसू. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना अशी साहसकथा हवीच असते. तिचं मूळ शोधताना नजर आधी युरोपकडे जाते, कारण तिकडे ही थट्टा फार जुनी आहे. स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिसचा डॉन क्विक्झोट १६०५ मध्येच, स्वतःला शूरवीर समजून, पणजोबांचं गंजकं चिलखत चढवून घराबाहेर पडला. १८९८ मधल्या केनेथ ग्रॅहॅमच्या कथेत ड्रॅगनला लढायचंच नसतं, त्याला कवितांची आवड असते. शेवटी लढाई आधी ठरवून, गावकऱ्यांपुढे नाटकासारखी पार पाडली जाते. टी. एच. व्हाइटने १९३८ मध्ये जादूगार मर्लिनला काळात उलटा जगणारा केला आणि भावी राजा आर्थरला शिकवणीसाठी मासा बनवून खंदकात सोडला. या सगळ्यांत जग खरं असतं, त्याचे नियमही पक्के असतात. हसू येतं ते त्या नियमांत अडकलेल्या माणसांचं.

मराठीत अद्भुत आधी आलं आणि विनोद बराच मागाहून. १८६१ ची लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ ची रिसबुडांची 'मंजुघोषा' या कादंबऱ्यांत संकटं आणि विरह भरपूर, पण सगळा मामला गंभीर, आणि वाचक मोठ्या वयाचा. मुलांच्या हाती वेताळ नियमाने पडू लागला तो १९५२ मध्ये सुरू झालेल्या मराठी 'चांदोबा' मासिकातून. राजा बोलला की प्रेत पुन्हा झाडावर, ही एक अट कितीही भाग तोलून धरते. मालिका लिहिणाऱ्याने ती नीट अभ्यासावी. हसणारी चेटकीण मात्र रंगमंचावर भेटली. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली की मुलं भ्यायलीही आणि हसलीही. छापील कादंबरीत हा मेळ अजून दुर्मीळ आहे, आणि आमच्या मते ही मोठी उणीव आहे.

त्यासाठीचा कच्चा माल नाशिकच्या उत्तरेला, आशेवाडीच्या डोक्यावर उभा आहे. १६८२ पासून मोगलांनी मराठ्यांच्या रामशेज किल्ल्याला वेढा घातला आणि तो काही वर्षं चालला. मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलंय की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडं चढवलं. त्याहून नवलाची हकीकत मोगल छावणीतली. भुतं वश असल्याचं सांगणाऱ्या एका मांत्रिकाने शंभर तोळे सोन्याचा नाग मागितला. सराफाच्या आजच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने हिशेब केला तरी तो किलोभर भरतो. नाग घडवून दिला गेला. तो हाती धरून मांत्रिक फौजेच्या पुढे गड चढू लागला, तोच वरून मारा छातीवर बसला, नाग एकीकडे उडाला आणि मांत्रिक दुसरीकडे. शाळेच्या इतिहासात हा काळ मध्ययुगातच मोडतो, तेव्हा परक्या बुरुजांची गरज उरत नाही.

अशा प्रसंगाची कथा करताना बिघडतं कुठे? पहिली चूक म्हणजे वेढ्यात मोबाइल किंवा पिझ्झा आणणं. एकदा हसू येतं, पण गड खोटा ठरतो आणि पुढच्या संकटाची भीती उरत नाही. दुसरी, जादूला मर्यादा नसणं. जादू एकच ठेवावी, तिची अट पहिल्या दोन प्रकरणांत सांगावी आणि किंमत प्रत्येक वेळी वसूल करावी. तिसरी, लठ्ठपणावर किंवा तोतरेपणावर हसणं. मूर्खपणा सत्तेच्या पदरात घालावा, मुलं ते लगेच ओळखतात. प्रकरण बाराशे ते पंधराशे शब्दांचं असलं तर एका बैठकीत मोठ्याने वाचून होतं, आणि विनोद साधलाय की नाही हे मोठ्याने वाचल्यावरच कळतं. वस्तूंची नावं मात्र खरी हवीत: टाकं, बुरूज, गोफण, दारूकोठार. लाकडी तोफेचंही तसंच. दारू जास्त ठासली तर लाकूड तडकतं, कमी ठासली तर गोळा तटाखालीच पडतो. हे तोफ डागणाऱ्या गोलंदाजाच्या पोराला ठाऊक आहे आणि किल्लेदाराला नाही, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.