टिलर गेला, सीआरडी उरल्या: नेमस्पेसपुरत्या अधिकारांत इन्स्टॉलेशनची पार्श्वभूमी

सामायिक क्युबरनेटिस क्लस्टरवर (कंटेनर चालवणाऱ्या यंत्रांच्या समूहावर) टीमला एक नेमस्पेस, म्हणजे क्लस्टरचा वेगळा राखलेला भाग, मिळते आणि तिच्यात 'अ‍ॅडमिन' रोलही मिळतो. तरीही एखादा ऑपरेटर (क्लस्टरमध्ये राहून एखादं अ‍ॅप्लिकेशन सांभाळणारा प्रोग्राम) बसवायला गेलं की 'फॉरबिडन' येतं, आणि एररच्या शेवटी 'अ‍ॅट द क्लस्टर स्कोप' असं लिहिलेलं असतं, म्हणजे अधिकार क्लस्टरभराचा हवा. ही अडचण आज आहे त्या रूपात कशी आली, ते कळलं की तिच्यातून वाट काढणं सोपं जातं.

2016 मध्ये हेल्म 2 आलं (हेल्म म्हणजे क्युबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) तेव्हा इन्स्टॉल करायचं काम क्लस्टरमध्ये चालणारा टिलर करायचा. अधिकार वापरले जायचे ते टिलरचे, कमांड देणाऱ्याचे नव्हेत. मार्च 2017 मध्ये क्युबरनेटिस 1.6 बरोबर आरबॅक, म्हणजे कोणाला काय करता येईल हे रोलनुसार ठरवणारी व्यवस्था, बीटा झालं. मग अडून बसू नये म्हणून अनेकांनी टिलरला सरळ 'क्लस्टर-अ‍ॅडमिन' देऊन टाकलं. त्याच्या 44134 या पोर्टवर मुळात ओळखतपासणीच नसायची. म्हणजे क्लस्टरमधला कुठलाही पॉड (चालू कंटेनरचा गट) तिथपर्यंत पोचला की सगळं क्लस्टर त्याच्या हातात! सामायिक क्लस्टरवर हे धोकादायकच होतं. नेमस्पेसगणिक वेगळा टिलर चालवायचा हा त्यावरचा तोडगा. नोव्हेंबर 2019 मध्ये हेल्म 3 ने टिलर काढूनच टाकला. रिलीजची, म्हणजे प्रत्येक इन्स्टॉलेशनची, नोंद त्याच नेमस्पेसमधल्या सीक्रेटमध्ये (गोपनीय माहितीच्या वस्तूमध्ये) जाऊ लागली आणि अधिकार ज्याचे त्याचे राहिले.

दरम्यान अडचणीने जागा बदलली होती. कोअरओएसने 2016 मध्ये ऑपरेटरची कल्पना मांडली, क्युबरनेटिस 1.7 मध्ये सीआरडी, म्हणजे क्युबरनेटिसला नव्या प्रकारच्या वस्तू शिकवणाऱ्या व्याख्या, आल्या आणि 1.16 मध्ये त्या स्थिर झाल्या. सीआरडीतून तयार होणारी वस्तू नेमस्पेसमध्ये राहू शकते, पण सीआरडी स्वतः कायम क्लस्टरभर लागू असते. एकाच नावाच्या दोन व्याख्या दोन टीमना वेगवेगळ्या ठेवता येत नाहीत. म्हणून ती बनवायचा अधिकार नेमस्पेसच्या अ‍ॅडमिनला मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

हेल्म 3 चार्टच्या (इन्स्टॉल करायच्या फाइलींच्या संचाच्या) 'सीआरडीज' फोल्डरमधल्या फाइली आधी लावायला बघतं. सीआरडी क्लस्टरवर आधीपासून असली तरी अधिकार नसलेल्याला 'फॉरबिडन'च मिळतं, कारण क्लस्टरच्या सगळ्या विनंत्या घेणारा एपीआय सर्व्हर अधिकार आधी तपासतो. तिथे '--स्किप-सीआरडीज' द्यावं लागतं. चार्ट काय काय मागतो ते 'हेल्म टेम्प्लेट'ने आधीच पाहावं; मात्र '--इन्क्लूड-सीआरडीज' न दिल्यास त्या फोल्डरमधल्या सीआरडी त्यात दिसत नाहीत. क्लस्टररोल, क्लस्टररोलबाइंडिंग किंवा वेबहुक कॉन्फिगरेशन यांपैकी क्लस्टरभर लागू होणारं काही दिसलं, तर चार्टमध्ये ते बंद करायची सोय आहे का आणि ऑपरेटरला एकाच नेमस्पेसवर लक्ष ठेवायला सांगता येतं का, हे बघावं.

एवढं करूनही साधा रोल बनवताना अडतं. जो अधिकार स्वतःकडे नाही तो दुसऱ्याला देता येत नाही, हा आरबॅकचा नियम ऑपरेटरच्या सर्व्हिस अकाउंटला (तो ज्या ओळखीने चालतो तिला) अधिकार देतानाही लागू आहे. सीआरडी लावून झाली, पण तिच्या वस्तूंवरचे अधिकार 'अ‍ॅडमिन' रोलमध्ये आले नाहीत, तर काम तिथेच थांबतं. क्युबरनेटिस 1.9 पासून क्लस्टररोलवर 'अ‍ॅग्रिगेट-टू-अ‍ॅडमिन' लेबल लावून ते आपोआप जोडता येतात. म्हणून प्रशासकाकडे दोन गोष्टी एकदमच मागाव्यात: सीआरडी आणि हा लेबलवाला क्लस्टररोल.

अपग्रेडच्या वेळी पुन्हा प्रशासकाकडे जावं लागतं, कारण 'सीआरडीज' फोल्डरमधल्या सीआरडी हेल्म अपग्रेड करत नाही. ऑपरेटर नवा आणि सीआरडी जुनी राहिली, तर सीआरडीच्या स्कीमात (मान्य फील्डांच्या यादीत) नसलेली नवी फील्डं साठवताना गाळली जातात आणि सेटिंग का लागत नाही याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.