काचेतल्या अव्यवस्थेची देणगी

निओडिमियम या धातूचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, ‘याग’ नावाच्या स्फटिकात मिसळले, तर १०६४ नॅनोमीटरपाशी त्यांच्या अवरक्त प्रकाशाची रेषा, म्हणजे त्यातल्या तरंगलांबींचा पट्टा, जेमतेम नॅनोमीटरभरही रुंद नसते. तेच आयन काचेत मिसळले की ती वीस-तीस नॅनोमीटर पसरते. स्फटिकात प्रत्येक आयनाभोवतीचे शेजारी एकाच शिस्तीत बसलेले असतात. काचेत तशी शिस्त नाही. प्रत्येक आयनाचा शेजार थोडा निराळा, म्हणून त्याची तरंगलांबीही थोडी निराळी. भौतिकशास्त्रज्ञ एलायस स्निट्झर यांनी १९६१ साली अमेरिकेत निओडिमियमयुक्त काचेचा लेसर चालवून दाखवला. पण या पसरटपणाचं खरं मोल कळतं ते तरंगलांबी बदलता येणारा लेसर हवा असतो तेव्हा. लेसरच्या आरशांपैकी एकाच्या जागी विवर्तन जाली, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या दिशांना वळवणारी बारीक रेघांची पट्टी, बसवायची आणि ती किंचित फिरवायची. पसरलेल्या पट्ट्यातली हवी ती तरंगलांबी निवडता येते.

थुलियम हा धातू मिसळलेला सिलिका काचेचा तंतू यात मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचा पट्टा साधारण १७५० ते २१०० नॅनोमीटर, म्हणजे शेकडो नॅनोमीटरचा! १९४० नॅनोमीटरपाशी पाणी हा प्रकाश जोरात शोषतं, म्हणून मूतखडा फोडायला तो वापरतात. २००० नॅनोमीटरच्या जवळ कार्बन डायऑक्साइडच्या शोषणरेषा आहेत. तिथे हा वायू मोजता येतो.

त्यापुढे मात्र सिलिका अडते. तिच्यातले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध घट्ट, त्यांची कंपनं वेगवान. उत्तेजित आयनाची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच या कंपनांत जिरते, शिवाय काच स्वतःही लांब तरंगलांबीचा प्रकाश गिळू लागते. उपाय एकच, काच बदलायची. १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या रेन इथे झिर्कोनियम फ्लुओराइडची काच सापडली, तीही स्फटिक शोधताना अनपेक्षितपणे. जड अणू, सैल बंध, संथ कंपनं. त्यामुळे या काचेत अर्बियम हा धातू २८०० नॅनोमीटरच्या आसपास लेसर देतो. पण ही काच ठिसूळ आहे, ओलाव्याने बिघडते आणि तंतू ओढताना तिच्यात स्फटिक धरू लागतात.

४००० नॅनोमीटरच्या पलीकडे गंधक आणि सेलेनियमच्या काचांवर भिस्त आहे. तिथली झुंज शुद्धतेची आहे: काचेत हायड्रोजनचा लवलेश राहिला, तरी नेमका हवा असलेला प्रकाश तो शोषून घेतो.