वीस मिनिटांची बस आणि लांब पडलेली वस्ती

चिंबलचं इंदिरानगर पणजीपासून दहा किलोमीटरच्या आत आहे. तिथून पर्वरीला धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईला अंतर विचारलं, तर ती किलोमीटर सांगत नाही. ती सांगते, ‘दोन गाड्या’. एक पणजीच्या स्टँडपर्यंत, दुसरी मांडवीपलीकडे.

वाहतूकशास्त्रही असंच मोजतं. वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ साली मांडलेल्या सूत्रात, घरापासून कामाच्या किती जागा गाठता येतात आणि त्यासाठी किती वेळ मोडतो, याला वजन आहे. १९६८ मध्ये अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइट आणि शिकागोच्या आकडेवारीवरून मांडलं, की कृष्णवर्णीयांना ठरावीक भागांतच घरं मिळत असल्याने त्यांच्या वाट्याच्या नोकऱ्याही घटत होत्या. आपल्याकडे माणसाला शहराच्या कडेला ढकलतं ते मुख्यतः घरभाडं. कामाची वाट मात्र तशीच लांबते.

आता ‘दोन गाड्यां’तल्या वाट पाहण्याचा हिशेब करू. सरासरी वीस मिनिटांनी बस असेल, तर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागेल असं वाटतं. गाड्या घड्याळावर धावल्या तरच हे खरं. खासगी बसवाला मात्र गाडी भरेपर्यंत रेंगाळतो, मागची दिसली की सुसाट सुटतो. समजा, दोन गाड्यांमधलं अंतर एकदा पाच मिनिटं, एकदा पस्तीस असं पडलं. सरासरी वीसच राहिली, पण चाळीसपैकी पस्तीस मिनिटं त्या मोठ्या खिंडारात गेली, म्हणून स्टॉपवर येणारे बहुतेक जण त्यातच सापडतात. सरासरी थांबणं साडेपंधरा मिनिटांच्या वर जातं. गाडी बदलायची असेल तर हे दोनदा. कंडक्टर पैसे तेवढेच घेतो, मिनिटं ज्याची त्याने मोजायची.

ज्याला हे परवडत नाही, तो हप्त्यावर स्कूटर घेतो. इथे गणित आणखी बिघडतं. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात आणि सगळ्यांचंच थांबणं कमी होतं. हेच चाक उलटंही फिरतं. स्कूटरवाले बसमधून उतरले की फेऱ्या कमी होतात, मग आणखी कोणी उतरतो. शेवटी बसमध्ये उरतात ते दुचाकी न परवडणारे, परवाना नसलेले, म्हातारे आणि शाळकरी पोरं. एकेकाळी कारकून आणि कामगार एकाच दांडीला लटकत; आता त्यांची भेट सिग्नलला काचेतून होते, तीही झालीच तर.

गोवा सरकारच्या कदंब परिवहन महामंडळाच्या ‘म्हजी बस’ योजनेत खासगी मालकाला किलोमीटरमागे पैसे मिळतात. त्यामुळे गाडी भरेपर्यंत थांबायचं कारण उरत नाही, हा मला तिच्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पण निव्वळ किलोमीटर मोजले, तर दोन गाड्या एकामागोमाग पळवूनही पूर्ण पैसे घेता येतील. लंडनमध्ये वारंवार धावणाऱ्या मार्गांवर बस कंपनीचा बोनस आणि दंड प्रवाशांना वेळापत्रकाच्या हिशेबापेक्षा किती जास्त थांबावं लागलं, यावर ठरतो.