उन्हाळी गाजर (इंदूरची परसबाग)

गाजर हे मुळात थंडीचे पीक. १५ ते २० अंश सेल्सिअसला मूळ चांगले पोसते व रंगते. पारा तिशीपलीकडे गेला की ते आखूड, फिके आणि रेषाळ होते. इंदुरात मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी गाठतो. त्यामुळे इथल्या मराठी घरांच्या परसात किंवा गच्चीवर उन्हाळी गाजर राखणे म्हणजे मुख्यतः मुळाभोवतीची माती गार ठेवणे.

माळव्याची काळी माती या कामी अडचणीची. ती सुकली की भेगाळते, कोवळी मुळे तुटतात; ओली असताना घट्ट बसते आणि गाजराला फाटे फुटतात. म्हणून वाफ्यात किंवा फूटभर खोल कुंडीत वाळू आणि पूर्ण कुजलेले खत मिसळतात. ताज्या शेणखतानेही फाटे फुटतात. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्याच संशोधन संस्थेत काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर रचून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली. गाजराला तसलेच मुरलेले खत मानवते.

पाणी सकाळी लवकर, थोडे पण नेमाने द्यावे. कोरड पडल्यावर एकदम भरपूर दिले तर गाजर उकलते. वाळल्या गवताचे आच्छादन घालावे, नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारी शेडनेट धरावे. मुळाचे डोके उघडे पडले तर उन्हाने हिरवे व कडवट होते, तेव्हा मातीची भर देत राहावे. खुरपताना गाजरगवतावर लक्ष हवे: कोवळेपणी त्याची पाने गाजरासारखीच दिसतात आणि त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटू शकते.

एवढे करूनही खाण्यासाठी उन्हाळी पेरणी ही गाजराची पुंगीच. उन्हाळा खरा कामाचा तो बियाण्यासाठी. हिवाळ्यात निवडक लाल गाजरे काढून, पानांकडचा वरचा भाग डोळ्यासह पुन्हा लावला की वसंतात छत्रीसारखा पांढरा फुलोरा येतो. देशी वाण मैदानी हवेत बी धरतात. नॅन्टिससारख्या विलायती वाणांना त्यासाठी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. परागीभवन मधमाश्या करतात, त्यामुळे लाल आणि काळे गाजर शेजारी फुलू दिले तर बियाणे भेसळते. मधली छत्री आधी पिकते. ती तपकिरी झाली की सकाळच्या गारव्यात कापावी, कारण उन्हात बी गळते. मग सावलीत वाळवून बियांवरचे काटे तळहातावर चोळून काढावेत.