आधी खोली नंबर, मग पोरीचं रक्त

माझ्या भावाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, असल्याचं परळच्या एका रुग्णालयात इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, कळलं. घरी येताच वहिनी म्हणाली, “आधी पोरीची जीन टेस्ट करून घेऊ.” पोर नऊ वर्षांची, धडधाकट. वहिनीच्या जिवाची घालमेल कळत होती, पण क्रम उलटा होता.

‘जीन टेस्ट’ या एकाच नावाने दोन वेगळ्या चाचण्या चालतात. दोन्हींना थोडंसं रक्तच लागतं, म्हणून गोंधळ होतो.

पहिली शोधाची, आणि ती आजारी माणसाचीच करायची. ‘गिरगावात कुठल्याशा वाडीत राहतो’ एवढ्यावर माणूस शोधायला निघावं तसं हे काम. एमवायबीपीसी३, एमवायएच७ असे कितीतरी जीन वाचून बिघाड कुठे आहे ते पाहायचं. अनेकदा तो सापडतच नाही. कधी एखादा बदल सापडतो, पण तो घातक की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही.

दुसरी पडताळणीची. भावाचा नेमका बिघाड सापडला, की खोली नंबर हातात आला. पोरीच्या रक्तात तेवढीच जागा पाहायची. तो तिच्यात असण्याची शक्यता ५० टक्के. नसेल, तर दर एक-दोन वर्षांनी इको काढण्यातून ती सुटली. असेल, तरी आजार झालाच असं नाही. काहींना तो जन्मभर होत नाही. लक्ष मात्र ठेवावं लागतं.

आणि शोधाआधीच धडधाकट मुलाची चाचणी केली, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तर? त्या नॉर्मलवर विसंबता येत नाही. घरातला बिघाड त्या चाचणीला दिसणाराच नसेल, तर मुलात असूनही तो दिसणार नाही. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते: असा कागद मिळाला की आईबाप निर्धास्त होतात आणि इको बंद पडतो.

लाँग क्यूटी सिंड्रोम, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारा दुसरा एक आनुवंशिक आजार, असलेल्या घरात मात्र, बिघाड माहीत असेल तर, पडताळणी लहानपणीच करावी. ईसीजी साधा दिसला तरी धोका असू शकतो. त्याच्या एका प्रकारात पोहताना ठोके बिघडतात. पोराला तरणतलावावर घालण्याआधी हे कळलेलं बरं. बीटा ब्लॉकर गोळ्यांनी हा धोका बराच कमी होतो.

भावाचं रक्त दिलं. रिपोर्टला काही आठवडे लागणार होते. पोरीचा इको आणि ईसीजी त्यासाठी अडवायचं कारण नव्हतं. ते आम्ही त्याच आठवड्यात काढून घेतले.