शालेय संगणक शिक्षण

शालेय संगणक शिक्षण : पहिलीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना कॉम्प्युटर वापरायला, त्याची कामाची पद्धत समजून घ्यायला आणि त्याच्याकडून हवं ते काम करून घ्यायला शिकवणं, असा ह्याचा ढोबळ अर्थ. ह्या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि बरेचसे वाद तिथूनच सुरू होतात. एक म्हणजे कॉम्प्युटरवर गणित-भूगोल शिकणं, दुसरी म्हणजे टायपिंग, फाइल, इंटरनेट, ईमेल हाताळता येणं, आणि तिसरी म्हणजे प्रोग्रॅमिंग. सरकारी कागदांत तिन्हींना सरसकट आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) म्हणतात, त्यामुळे शाळेत कॉम्प्युटर लॅब आहे एवढं वाचून तिथे नक्की काय शिकवतात ते कळायची सोय नाही.

उगम : सुरुवात कुठून धरायची यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण इलिनॉय विद्यापीठात १९६० च्या सुमारास सुरू झालेल्या प्लेटो यंत्रणेपासून मोजतात. स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक सूपीस यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर प्राथमिक शाळेतल्या मुलांना टेलिटाइपवर (कॉम्प्युटरला तारेने जोडलेलं टाइपरायटरसारखं यंत्र) बेरजा-वजाबाक्या सोडवायला लावल्या, त्यालाही हा मान दिला जातो. पण ह्या दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारणार कॉम्प्युटर आणि उत्तर देणार मूल, म्हणजे मुलाने कॉम्प्युटरला काही सांगितलं असं झालंच नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजची बेसिक ही प्रोग्रॅमिंग भाषा (१९६४) जवळपासच्या हायस्कुलांपर्यंत पोचली खरी, तरी ती मुळात कॉलेजातल्या मुलांसाठी केलेली. म्हणून लहान मुलांना समोर ठेवून केलेली पहिली प्रोग्रॅमिंग भाषा म्हणून १९६७ सालची लोगो धरणं जास्त पटतं, आणि हल्लीचे बहुतेक संदर्भही तसंच धरतात.

लोगो कुणाची, हाही एक वादच. प्रचलित समज असा की ती सेमूर पॅपर्ट यांची. पॅपर्ट जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्याबरोबर काही वर्षं काम करून आलेले, मूल स्वतः गोष्टी घडवत शिकतं हा विचार त्यांनी तिथून आणला, आणि पुढे लिहिलं-बोललं तेही त्यांनीच सगळ्यात जास्त, त्यामुळे नाव त्यांचं राहिलं हे समजण्यासारखं आहे. पण भाषा घडली ती मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या कंपनीत. तिथे वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांचा वाटा बरोबरीचा होता, लोगो हे नावही फॉयर्झाइग यांनी ठेवलं, आणि पहिली आवृत्ती डॅनियल बॉब्रो यांनी लिस्प ह्या आधीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत उभी केली. त्यामुळे एकट्या पॅपर्ट यांना जनक म्हणण्यापेक्षा चौघांची नावं देणं बरं. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात, आज्ञेप्रमाणे चालत रेघ काढणारं कासव ही लोगोची ओळख, पण पहिल्या लोगोत ते नव्हतंच, ती शब्द आणि वाक्यांशी खेळायची भाषा होती. जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव साधारण १९६९-७० च्या आसपास आलं आणि पडद्यावरचं त्याच्या पाठोपाठ.

कासवाचा उपयोग काय ते त्रिकोण काढताना कळतं. चौकोन सोपा, पुढे १०० आणि उजवीकडे ९०, असं चार वेळा सांगितलं की झालं. मग समभुज त्रिकोण काढायला सांगितला की मुलं पुस्तकातला ६० अंशाचा कोन आठवून पुढे १००, उजवीकडे ६० असं तीनदा देतात आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन उमटतो. का, तर कासव बाहेरच्या कोनातून वळतं, त्याला १२० पाहिजेत. हे फळ्यावर सांगून जितकं कळत नाही तितकं स्वतः चालत जाऊन वळून बघितलं की कळतं, आणि चुकलं तरी मार्क जात नाहीत, आकडा बदलून परत चालवायचं. एमआयटीतून २००७ मध्ये आलेलं स्क्रॅच हे ह्याच घराण्यातलं, फक्त आज्ञा टाइप न करता रंगीत ठोकळे जोडायचे.

संगणकीय विचारपद्धती, म्हणजे प्रश्न कॉम्प्युटरला सोडवता येईल अशा पायऱ्यांत मांडणं, ही संकल्पना अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांनी २००६ मध्ये मांडली असं सगळीकडे छापलेलं असतं, पण तो शब्दप्रयोग पॅपर्ट यांनी १९८० मध्येच केलेला आहे. विंग यांच्यामुळे तो धोरणाच्या कागदांत शिरला, इतकंच.

भारतात : पहिला मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे शाळांत कॉम्प्युटरची ओळख करून देणारा क्लास प्रकल्प. साल कुठे १९८४ तर कुठे १९८५ दिलेलं आढळतं, १९८४-८५ हे शैक्षणिक वर्ष म्हटलं की दोन्ही बसतात. शाळांचा आकडा साधारण अडीचशे. लोकांच्या डोक्यात ही योजना राजीव गांधींच्या नावावर आहे, पण ते पंतप्रधान झाले ३१ ऑक्टोबर १९८४ ला, आणि यंत्रखरेदी आणि शिक्षकांचं प्रशिक्षण ही काही महिन्याभरात उरकणारी कामं नव्हेत, तेव्हा तयारी आधीची असावी असं मानायला जागा आहे. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी ह्यांनी मिळून ती राबवली.

यंत्र होतं ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचं बीबीसी मायक्रो. ८-बिट प्रोसेसर, ३२ किलोबाइट मेमरी, म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. चालू केलं की थेट बेसिकचा प्रॉम्प्ट, म्हणजे प्रोग्रॅमिंगसाठी ह्याहून सोयीचं काय असणार! पण योजनेचा भर ओळख करून देण्यावर होता आणि सुरुवातीचे धडे बरेचसे ब्रिटिश शाळांसाठी केलेलेच होते, इंग्रजीत. नंतर चंदिगडजवळच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने युनिकॉर्न ह्या नावाने हेच यंत्र इथे बनवलं. पुढे शाळा वाढल्या, १९९३ च्या सुमारास योजना नव्या रूपात आली, आणि विंडोज आल्यावर बेसिक मागे पडून वर्ड-एक्सेल-पॉवरपॉइंट पुढे आले. ह्या बदलाला प्रगती म्हणायचं का हा प्रश्न आहे, कारण आधी जे थोडंफार प्रोग्रॅमिंग होतं तेही गेलं. इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं होतं, आणि २०१२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अहवालाने त्यावर कडक टीका केल्यावर सप्टेंबर २०१४ पासून तिथे आयसीटी विषय काढून कम्प्युटिंग आणला, पाच वर्षांच्या पोरांपासून.

भारतात २००४ च्या डिसेंबरात आयसीटी अ‍ॅट स्कूल योजना आली, ती आता समग्र शिक्षा अभियानात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आलं. त्याच सुमाराला, लॉकडाऊनमध्ये, सहा वर्षांच्या मुलाला अ‍ॅप बनवायला शिकवतो असं सांगणाऱ्या ऑनलाइन क्लासवाल्यांचं पेव फुटलं आणि जाहिरात मानक परिषदेला त्यातल्या काही जाहिराती मागे घ्यायला लावाव्या लागल्या. यूडायस ह्या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या २०२३-२४ च्या आकड्यांनुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतला कॉम्प्युटर आहे, इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत.

शिक्षकाविना शिक्षण : २६ जानेवारी १९९९ ला दिल्लीच्या कालकाजीत सुगाता मित्रा यांनी एनआयआयटी ह्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसच्या भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि पलीकडच्या झोपडपट्टीतली मुलं कुणी न शिकवता तो वापरायला लागली, ही गोष्ट आता जगभर माहीत आहे. कमी माहीत असलेलं म्हणजे असे कॉम्प्युटर सिंधुदुर्गातही बसवले होते आणि तिथल्या आठवीच्या मुलांच्या गणितात त्यामुळे फरक पडल्याचा निष्कर्ष प्रयोग करणाऱ्या मंडळींनीच काढला. मार्क वॉर्शाउअर आणि पायल अरोरा ह्या अभ्यासकांनी मात्र वेगळं चित्र मांडलं. अरोरा यांना उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबागला हे कॉम्प्युटर बंद पडलेले आढळले. मुलं आपापसात शिकतात हे खरंच, पण देखभाल करणारं कुणी नसलं की पुढे काय होतं याचं उत्तर मूळ मांडणीत नाही, म्हणून टीकाकारांचं पारडं जरा जड वाटतं. साधारण असाच, पण शिक्षकाला धरून केलेला प्रयोग कर्जतजवळच्या खैराट गावी २००७ मध्ये झाला, एकशिक्षकी शाळेतल्या मुलांच्या हातात हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. मुलामागे एक लॅपटॉप ह्या जागतिक मोहिमेचा भारतातला हा पहिला प्रयोग.

महाराष्ट्र : इथे शाळेपेक्षा शाळेबाहेरच कॉम्प्युटर जास्त शिकवला गेला. एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) २००१ ला स्थापन झालं, त्याचा एमएससीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आणि परीक्षा त्याच वर्षी सुरू झाली आणि सरकारी नोकरीला ती लागते म्हटल्यावर दहावीचा पेपर संपला की सुट्टीत एमएससीआयटी हा घरोघरचा शिरस्ताच पडला. मराठीतून शिकता येणं हे तिचं बलस्थान, प्रोग्रॅमिंग नसणं ही मर्यादा.

शाळांतल्या लॅब आयसीटी योजनेतून तीन टप्प्यांत आल्या, बांधा-वापरा-हस्तांतरित करा ह्या धर्तीवर, म्हणजे कंपनीने यंत्रं आणायची, शिक्षक नेमायचा, पाच वर्षं चालवायचं आणि मग सगळं शाळेला देऊन मोकळं व्हायचं. यंत्रं शाळेला मिळाली, शिक्षक मात्र कंत्राटासोबत गेला. ह्या शिक्षकांची आझाद मैदानावरची आंदोलनं त्यातूनच. लॅबचं चित्र मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही सांगायला नको : चपला बाहेर, मॉनिटरवर रेक्झिनची कव्हरं, एका कॉम्प्युटरला चौघं-पाच जण, माउस ज्याच्या हातात तोच शिकणार आणि तास संपायच्या आत लाइट जाणार.

अकरावी-बारावीची गोष्ट निराळी. द्विलक्षी अभ्यासक्रमातला कॉम्प्युटर सायन्स हा २०० मार्कांचा विषय चांगलाच कडक, त्यात सी++ होतं आणि इंटेलच्या ८०८५ प्रोसेसरची असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट एकेक सूचना द्यायची भाषा होती. ही चिप १९७६ ची. मेमरीतल्या दोन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम मुलं पेनाने उत्तरपत्रिकेत लिहितात आणि तपासणारे तो डोळ्यांनीच चालवून बघतात. कला-वाणिज्यवाल्यांनाही घेता येणारा इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी हा विषय त्या मानाने हलका, आणि त्याची परीक्षा तरी कॉम्प्युटरवर होते. म्हणजे पहिली ते आठवीत नुसती ओळख आणि अकरावी-बारावीत एकदम असेंब्ली, मधला जिना कुणी बांधलाच नाही.

जिल्हा परिषद शाळांनी आपापल्या परीने वाट काढली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा डिजिटल झाल्यावर आणि २२ जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र ह्या सरकारी कार्यक्रमाचा जीआर निघाल्यावर गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टच बोर्ड आले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते पुढे राज्यभर झाले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. कौतुक रास्तच आहे, पण वर सांगितलेल्या तिनांपैकी हा सगळा पहिला प्रकार, कॉम्प्युटरकडून शिकणं. तिसऱ्या प्रकाराकडे आयआयटी मुंबईच्या श्रीधर अय्यर यांचा कॉम्प्युटर मस्ती हा अभ्यासक्रम वळला, त्यात तेजस, ज्योती आणि मोझ नावाचा उंदीर गोष्टीगोष्टींतून पायऱ्यापायऱ्यांनी विचार करायला शिकवतात. एसीएम इंडिया ह्या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाळा उपक्रमाने (२०१६) तर कॉम्प्युटरशिवाय शिकवायचे धडे मराठीतही दिले. त्या धाटणीचा गाजलेला खेळ, मूळ न्यूझीलंडच्या टिम बेल आणि मंडळींचा, पाच पत्त्यांचा : त्यावर १६, ८, ४, २, १ असे ठिपके, पत्ता उघडा किंवा पालथा ठेवायचा आणि आपल्या वाढदिवसाची तारीख करून दाखवायची. पाचही उघडे ठेवले तर ३१, म्हणजे महिन्यातली कुठलीही तारीख बसते आणि द्विमान पद्धत न सांगता समजते. लाइट गेलेल्या शाळेत हे चालतं.

गोवा : नव्वदीच्या अखेरीपासून परदेशातल्या गोवेकरांनी पुढाकार घेऊन जुने कॉम्प्युटर शाळांना मिळवून दिले, त्यांवर लिनक्स चालवायचे. सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर घरी मिळाले. अलीकडे सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आहे. राज्य लहान असल्याने इथे योजना सगळ्या शाळांपर्यंत पोचते.

सद्यस्थिती : असर ह्या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली ५७ टक्के आणि सोशल मीडिया बघितलेली ७६ टक्के. दुसरा प्रकार, म्हणजे नुसतं हाताळणं, मुलं आता शाळेच्या आधीच घरी शिकून येतात. त्यामुळे माउसचे भाग दाखवणाऱ्या तक्त्यावर तास घालवण्यात आता फारसं काही उरलेलं नाही.