कोरिदो: बातमीपासून बिदागीपर्यंत

मेक्सिकोतील कोरिदो या कथागीतांवर बंदी घालावी, ही मागणी तिथे अधूनमधून होतच असते. अमली पदार्थांच्या टोळ्यांचे गुणगान करणारी गाणी त्याला निमित्त ठरतात. या वादात गाण्याच्या आशयाची भरपूर चिकित्सा होते. मात्र गाणाऱ्याला बिदागी कोण देत आले, हा प्रश्न सहसा बाजूला पडतो. कोरिदोचा इतिहास त्या प्रश्नाच्या अंगाने पाहिल्यास अधिक उलगडतो, असे मला वाटते.

कोरिदोचे मूळ स्पेनमधील रोमान्से या जुन्या कथाकाव्यात सापडते. आठ अक्षरांची ओळ, चार ओळींचे कडवे, दुसऱ्या व चौथ्या ओळीत यमक, आरंभी साल आणि ठिकाण, अखेरीस गायकाने श्रोत्यांचा घेतलेला निरोप, असा त्याचा बांधा आहे. मेक्सिको व अमेरिका यांच्यातील १८४८ च्या तहाने टेक्सासपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि रिओ ग्रांदे ही नदी टेक्सासची सीमा ठरली. नदीच्या उत्तरेला राहिलेल्या स्पॅनिशभाषक समाजाला परक्या कायद्याशी रोज सामना करावा लागे, आणि त्यातूनच सीमेवरच्या कोरिदोला त्याचा नायक मिळाला.

ग्रेगोरिओ कोर्तेस हा अशा नायकांतला सर्वांत प्रसिद्ध. १२ जून १९०१ रोजी टेक्सासमधील कार्न्स काउंटीचा शेरीफ घोडेचोराच्या शोधात त्याच्या घरी आला. दुभाष्याने अर्थाचा अनर्थ केला, वाद वाढला, शेरीफने कोर्तेसच्या भावाला गोळी घातली आणि कोर्तेसने शेरीफला ठार केले. त्यानंतर कधी पायी तर कधी घोड्यावरून पळत त्याने पाठलागावरील तुकड्यांना दहा दिवस झुलवले आणि २२ जूनला तो लारेडोजवळ पकडला गेला. त्याच्या बचावासाठी लोकांनी वर्गणी काढली. १९१३ मध्ये गव्हर्नरने त्याला माफी दिली. तोवर हातात पिस्तूल घेऊन एकटा उभा राहिलेला कोर्तेस गाण्यांतून सर्वत्र पोहोचला होता. त्या काळी इंग्रजी वृत्तपत्रे त्याच घटनेची दुसरी बाजू छापत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा गाण्याची गरज कळते.

मेक्सिको सिटीत आंतोनिओ व्हानेगास अर्रोयो यांच्या छापखान्यातून स्वस्त रंगीत कागदावर कोरिदो छापून निघत आणि होसे ग्वादालुपे पोसादा यांची चित्रे त्यावर असत. फिरते गायक जत्रेत व बाजारात ते गाऊन दाखवत आणि कागद विकत. १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीत पांचो व्हिया आणि सापाता या क्रांतिनेत्यांच्या लढायांच्या बातम्या अनेकांनी, विशेषतः निरक्षरांनी, अशाच ऐकल्या. गायकाचा धनी तेव्हा बाजारातला गिऱ्हाईक होता.

ध्वनिमुद्रिका आल्यावर हा व्यवहार बदलला. १९२९ मध्ये सॅन अँटोनिओत पेद्रो रोचा आणि लुपे मार्तीनेस यांनी कोर्तेसचा कोरिदो गायला, तेव्हा तो एका तबकडीच्या दोन बाजूंवर विभागून बसवावा लागला. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात तस्करही गाण्यात शिरले होते, त्यामुळे हा विषय अलीकडचा नव्हे. जर्मन वसाहतकऱ्यांमुळे रुळलेले अकॉर्डियन आणि बारा तारांचे, गिटारसारखे बाहो सेक्स्तो हे वाद्य यांनी पुढे उत्तरेकडच्या नोर्तेन्यो संगीताची घडण केली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात लोस तिग्रेस देल नोर्ते या मेक्सिकोतील सिनालोआ राज्यातून कॅलिफोर्नियात गेलेल्या वाद्यवृंदाने कामेलिया नावाच्या तस्कर स्त्रीचे गाणे गाजवले. गाडीच्या टायरमध्ये गांजा लपवून नेणारी ही बाई आणि तिने साथीदारावर झाडलेल्या सात गोळ्या, हे सारे कवी आंखेल गोन्सालेस यांच्या कल्पनेतले होते. कोरिदोला आता घडलेली बातमीच हवी असे राहिले नाही.

खरा पालट चालिनो सान्चेस यांच्या पिढीत दिसतो. १९६० साली सिनालोआत जन्मलेला हा गायक लॉस एंजेलिसमध्ये मागणीप्रमाणे कोरिदो रचून देई: माणूस आपली किंवा मेलेल्या नातलगाची हकीकत सांगे, पैसे देई आणि कॅसेट घेऊन जाई. आवाज ओबडधोबड, पण विश्वास बसावा असा. जानेवारी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला येथे एकाने मंचावर चढून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यांनी उलट गोळीबार केला. त्याच वर्षी मे महिन्यात सिनालोआतील कुलियाकान शहरातल्या कार्यक्रमानंतर त्यांचा खून झाला. नायकच आश्रयदाता झाला की त्याचा शत्रू गायकालाही आपल्या हिशेबात धरतो, हा धोका इतर गायकांच्याही वाट्याला आला.

सिनालोआने २०११ मध्ये मद्यालयांत अशी गाणी वाजवण्यास मनाई केली; मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती रद्द ठरवली. दरम्यान गाण्याचा मार्ग बदलला. मेक्सिकोतील एर्मोसियो शहराचा गायक नातानाएल कानो याच्यापासून ओळखल्या जाणाऱ्या 'कोरिदोस तुम्बादोस' या शैलीत अकॉर्डियन मागे पडून रेकिंतो ही लहान, चढ्या स्वराची गिटार आणि ट्रॉम्बोन पुढे आले, ढंगात रॅपची छटा उतरली, आणि २०२३ मध्ये गायक पेसो प्लुमा व एस्लाबोन आर्मादो हा वाद्यवृंद यांचे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. आता गाणे श्रोत्याच्या फोनवर थेट येते, त्यामुळे मद्यालयावरची बंदी कितपत लागू पडणार हे उघड आहे. एप्रिल २०२५ मध्ये मेक्सिको सिटीजवळच्या तेस्कोकोच्या जत्रेत गायक लुइस आर. कोन्रिकेस याने नव्या निर्बंधांमुळे टोळ्यांवरची गाणी गाण्यास नकार दिला, तेव्हा प्रेक्षकांनी मंचावर चढून वाद्यांची मोडतोड केली. तिकिटे काढून ते आले होते ती गाणी ऐकायलाच.